लेकरू एकाएकी बदलतं तेव्हा

घरातलं लेकरू याच आठवड्यात बदललं असेल, तर ही प्रस्तावना वाचत बसू नका. बदलाच्या जोडीला ताप आहे, उलट्या होतायत, झटके आलेत, सलग दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, बोलणं बंद झालंय, पाण्याचा घोट उतरत नाही, गुंगी आहे, चालताना तोल जातोय, किंवा लेकरू जीव द्यायची भाषा करतंय, यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन करा आणि निघा. पुस्तिका गाडीत वाचता येईल.

ज्यांना तेवढी घाई नाही त्यांच्यासाठी पुढचं लिहितो आहे.

ही पुस्तिका लोहा तालुक्यातल्या आणि नांदेड-लातूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांतल्या आईबापांसाठी, शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी आणि आशाताईंसाठी आहे. हसतंखेळतं लेकरू चार-आठ दिवसांत ओळखू येईनासं होतं, त्याबद्दल ती आहे. शांत पोरगं अंगावर धावून येतं. धीट पोरगी आईचा पदर सोडत नाही. कोणी हात धुतच बसतं, कोणी एकच प्रश्न शंभरदा विचारतं, कोणाच्या हातातला घास तोंडापर्यंत पोचत नाही, कोणाला नसलेली माणसं दिसतात. दवाखान्यात आल्यावर आईबापांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "सर, लेकरू असं नव्हतं हो." लहान मुलांचा डॉक्टर म्हणून सांगतो, या वाक्याकडं काणाडोळा करणारा डॉक्टर निदानाचा निम्मा रस्ता तिथंच सोडून देतो.

मुलांच्या काही अडचणी वर्षानुवर्षं हळूहळू ध्यानात येतात. उशिरा बोलणं, स्वमग्नता, अभ्यासात मागं पडणं यांना तारीख नसते. इथं तारीख असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री, मामाच्या गावाहून आल्या आल्या. इतक्या थोड्या दिवसांत स्वभाव पालटला की मेंदूला सूज आहे का, काही विषारी पोटात गेलंय का, एखादं औषध उलटलंय का, मिरगीचा काही प्रकार आहे का, जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच मेंदूवर चालून गेलीय का, हे आधी तपासावं लागतं. यातलं काही नसलं तर मनाला बसलेल्या धक्क्याचा विचार येतो, आणि तोही खरा आजार असतो. लेकरू नाटक करत नसतं. हे सगळं उलगडायचं तर सुरुवात एकाच प्रश्नानं होते: कधीपासून?

घरात मात्र तोवर दुसरा प्रश्न फिरत असतो: कोणामुळं?

नांदेड, लातूर, धाराशिव आणि पलीकडं बिदरपर्यंतचा हा पट्टा भानामतीच्या गोष्टींसाठी महाराष्ट्रभर ओळखला गेला. बाया कुत्र्यासारख्या भुंकायच्या, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटायच्या, वाळत घातलेले कपडे पेट घ्यायचे, आणि मग गाव एखाद्या म्हातारीकडं किंवा एखाद्या घराकडं बोट दाखवायचं. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं जवळून तपासली आणि त्यामागं माणसाचाच हात किंवा माणसाचंच दुखणं असतं हे गावोगाव सांगितलं. भुंकणाऱ्या बाईच्या मनावरचा भार खरा होता. करणी खोटी होती. आज भानामती हा शब्द पूर्वीइतका कानावर येत नाही, पण विचार करायची ती रीत घराघरात शिल्लक आहे. लेकराला बाहेरचं झालं म्हटलं की चुलतीचं नाव निघतं, शेजारणीचं निघतं, नाहीतर सरळ सुनेचं. लातूर-नांदेडच्या शिकवणीवाल्या घरांत करणीच्या जागी अभ्यासाचं टेन्शन किंवा मोबाइल येतो, एवढाच फरक. दोन्हीकडं गुन्हेगार सापडला की शोध थांबतो, आणि तारीख विसरली जाते.

असं घर समोर बसलं की मी घाईनं तपासायला घेत नाही. आज्जी सांगते, अमावस्येपासून. बाप सांगतो, झाले असतील पंधरा दिवस. आई गप्प असते, कारण बोट तिच्याकडंच असतं. तिला वेगळं विचारलं की ती नेमकं सांगते: सोमवारी डब्यातलं वरण शर्टावर सांडून आला, बुधवारी गुरुजींनी अक्षरावरून मारलं, शुक्रवारी झोपेतून उठून रडायला लागला, आणि त्याच्या महिनाभर आधी घसा दुखून दोन दिवस शाळा बुडाली होती. एवढ्या चार वाक्यांत माझं काम निम्मं होतं. आईला दोषी ठरवणारं घर आपला सगळ्यात चांगला साक्षीदार गमावतं, हे या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा सांगितलेलं दिसेल. ते मुद्दाम आहे.

देवाधर्माबद्दलही एकदाच स्पष्ट बोलतो. माळेगावचा खंडोबा आपल्याच तालुक्यातला. बेलभंडारा कपाळाला लावून आलेल्या लेकराला मी तो पुसायला सांगत नाही. नवस जरूर बोला. पण नवस फेडायला वर्ष हाताशी असतं, मेंदूच्या सुजेला तेवढा वेळ नसतो. जाणत्याकडं, देवरुषाकडं नेलंच असेल तर तेही दवाखान्यात लपवू नका. काय पाजलं, कसली धुरी दिली, हे कळलं तर उपचार सोपे होतात. आणि लेकराला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायद्याचा उल्लेख मी आईबापांना भीती घालायला करत नाही. चार नातेवाईक जमून जोर करतात तेव्हा एकट्या आईला कशाचा तरी आधार लागतो, तो तिच्या हातात असावा म्हणून करतो.

आता त्या आजाराकडं येतो, ज्याचा विचार या भागात सगळ्यात आधी व्हायला हवा आणि सगळ्यात उशिरा होतो. लंडनचे डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी १६८६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला सिडनहॅम कोरिया म्हणतात. तो संधिवाताच्या तापाचा भाऊबंद आहे. लेकराचा घसा एका विशिष्ट जंतूनं सुजतो, दोन-चार दिवसांत बराही होतो, घर विसरून जातं. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, त्या जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेलं हत्यार मेंदूच्या आतल्या भागावर चालतं. पाच ते पंधरा या वयात, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त. श्रीमंत देशांत तो आता क्वचित दिसतो. आपल्याकडं तो गेलेला नाही, कारण एका खोलीत सहा जण झोपणारी घरं गेलेली नाहीत.

सुरुवातीला हालचालींपेक्षा स्वभावच आधी बदलतो. पोरगी कारण नसताना रडते, लगेच हसते, चिडते, नको ते विचार मनातून जात नाहीत म्हणते. मग हातपाय आपोआप हलायला लागतात; ठरावीक लय नसते, आणि झोप लागली की सगळं थांबतं. तपासणी अगदी साधी असते. मी माझी दोन बोटं तिच्या मुठीत देतो आणि म्हणतो, दाबून धर, सोडू नको. मूठ घट्ट होते, सैल पडते, पुन्हा घट्ट होते, धार काढणाऱ्या हातासारखी. म्हशीखाली बसणाऱ्या आईला हे दाखवलं की तिला लगेच कळतं; पोरगी मुद्दाम करत नाही हे समजावायला मग वेगळं बोलावं लागत नाही. जीभ बाहेर काढून धरायला सांगितली तर ती क्षणात आत जाते. आणि तिसरा पुरावा दप्तरात असतो. वही उघडून मागची पानं आणि आजची पानं शेजारी ठेवायची. पंधरा दिवसांपूर्वी ओळीवर बसलेलं अक्षर आज वरखाली पळत असतं, शेवटी शेवटी तर कागद फाटलेला असतो. दवाखान्यात येताना वही आणा, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय ते यासाठी. हालचालींचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही तितकाच कामाचा, कारण डॉक्टरांसमोर लेकरू नेमकं शांत बसतं.

या आजाराचं एक बरं आहे की हातपायांची ती हालचाल बहुतेकांची काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत थांबते. वाईट असं की तीच सूज हृदयाच्या झडपांना धरू शकते, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून कोरियाच्या प्रत्येक लेकराची हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, व्हायलाच पाहिजे. त्यानंतर पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू होतं, दर एकवीस दिवसांनी, किमान पाच वर्षं किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. झडप खराब झाली असेल तर आणखी पुढं. पोरगी धडधाकट दिसते, सुई दुखते, आणि घराला वाटतं आता कशाला? घसा पुन्हा सुजला की आजार उलटू शकतो आणि दरवेळी झडपेला नवी इजा होऊ शकते. उत्तर हे एवढंच आहे.

एकवीस दिवसांचा हा हिशोब आपल्या तालुक्यात कुठं मोडतो तेही सांगतो. दिवाळीच्या आगेमागे लोहा, कंधार, मुखेडची माणसं उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. लेकरू सोबत गेलं तर इंजेक्शनचा कागद घरच्या पेटीत राहतो आणि कारखान्याच्या परिसरातला डॉक्टर कागदाशिवाय पेनिसिलिन टोचायला धजत नाही. लेकरू आज्जीपाशी राहिलं तर तारीख कोण लक्षात ठेवणार? यावर आमच्यापैकी काहींनी साधी सोय केली आहे: कार्डाच्या दोन प्रती, एक घरी आणि एक कोयत्याच्या गाठोड्यात, आणि गावातल्या आशाताईच्या वहीत पुढच्या तारखेची नोंद. शासनानं हे इंजेक्शन तालुक्याच्या दवाखान्यात बारमाही ठेवलंच पाहिजे. ते स्वस्त आहे, जुनं आहे, आणि त्याच्या अभावी खराब झालेली झडप बदलायला लाखोंचा खर्च येतो.

आणि मुलींबद्दल. कोरिया झालेली पोरगी घर लपवतं. उद्या स्थळ कसं यायचं, या धास्तीनं कागद जाळलेली घरं मी पाहिली आहेत. लग्न लावलं की बरी होईल, असंही सांगणारे भेटतात. मग कधीतरी बाळंतपणात दम लागतो, पाय सुजतात, आणि झडप अर्धी बंद असल्याचं तेव्हा पहिल्यांदा कळतं. गरोदरपणात हातापायांची ती जुनी हालचालही परत येऊ शकते. सासरी कोणालाच माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं. आईबापांनो, पोरीचे कागद तिच्या दागिन्यांइतके जपून तिच्यासोबत द्या. आजार सांगून जमलेलं लग्न टिकतं, आणि त्या घरात तिला एकवीस दिवसांनी दवाखान्यात घेऊन जाणारं कोणीतरी असतं.

दुसरा आजार कमी दिसणारा, पण चुकला तर जिवावर बेतणारा. २००७ साली अमेरिकेत जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका सुजेचं कोडं सोडवलं. तिचं नाव लांबलचक आहे, एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. पुस्तिकेत तिला मेंदूची स्वप्रतिकार सूज म्हटलंय. लेकरू काही दिवस झोपत नाही, भलतंसलतं बोलतं, घाबरतं, नंतर बोलणंच आटतं, ओठ-जीभ चावल्यासारखे हलत राहतात, झटके येतात. झपाटल्याची जी वर्णनं आपण लहानपणापासून ऐकली त्यांच्याशी हे इतकं जुळतं की घराला दोष देववत नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं की निदान होतं. या सुईबद्दल आपल्याकडं मोठी धास्ती आहे, पाय जातात म्हणतात. योग्य हातांनी केलेली ही नेहमीची तपासणी आहे, आणि तिला नकार देऊन घरी परतणं हाच खरा धोका. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तातला द्रव बदलणं असे उपचार आहेत. २०१३ साली ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांच्या अखेरीस दर पाचातले सुमारे चार जण चांगले सुधारले होते. दोन वर्षं, हे लक्षात ठेवा. महिन्याभरात फरक नाही म्हणून दवाखाना सोडू नका.

काही कारणं काही तासांची असतात. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात त्या धोत्र्याच्या बिया लेकरांनी खेळता खेळता खाल्ल्या की तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि लेकरू हवेत काहीतरी पकडायला लागतं. उलटीच्या काही औषधांनी मान वाकडी होते, डोळे वर फिरतात; योग्य इंजेक्शननं ते थोड्याच वेळात सुटतं, पण मधल्या वेळात लिंबू उतरवून झालेलं असतं. लेकराला आधी दिलेल्या औषधाची चिठ्ठी आणि बाटली बरोबर आणायची ती म्हणून. कुत्रं चावलेलं लेकरू मार बसेल म्हणून सांगत नाही, त्यामुळं चावल्या चावल्या लस मिळेल इतकं घरातलं वातावरण मोकळं हवं. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर काही चालत नाही. आणि ताप येऊन काही तासांत झटके, बेशुद्धी आली तर चांदीपुरा विषाणूची आठवण ठेवावी. १९६५ साली तो नागपूरच्या चांदीपुरा भागात सापडला, म्हणून जगभर त्याला हे मराठी नाव आहे. २००३ मध्ये आंध्रात त्यानं शेकडो लेकरांना गाठलं.

एका आजाराबद्दल लिहिताना हात जड होतो. गोवर होऊन गेल्यावर सहा-आठ-दहा वर्षांनी काही लेकरांच्या मेंदूत तोच विषाणू पुन्हा उचल खातो. आधी गुण घसरतात, वागणं बदलतं, मग अंगाला एकाएकी हिसके बसून लेकरू पडतं. याला एसएसपीई म्हणतात, आणि त्याला बरं करणारं औषध आज नाही. त्याला अडवणारी गोष्ट एकच, गोवर-रुबेलाची लस: पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. अशा लेकराच्या घरी जाणाऱ्या आशाताईंना माझी विनंती आहे, लस चुकली होती का हे आईला विचारू नका. ती ते रोज स्वतःला विचारत असते.

इंटरनेटवर शोधणाऱ्या शहरी पालकांना पॅन्डास हे नाव सापडतं. १९९८ साली अमेरिकेत सुसान स्वीडो यांनी घशाच्या त्याच संसर्गानंतर एकाएकी मंत्रचळ आणि हिसके सुरू झालेल्या ५० मुलांची माहिती मांडली. २०१२ मध्ये पॅन्स ही जास्त व्यापक संकल्पना आली. डॉक्टरांमध्ये त्याच्या निदानावर आणि उपचारांवर अजून वाद आहे. माझं मत असं की लेकराचा घसा तपासावा, जंतू असेल तर पूर्ण औषध द्यावं, मनाच्या लक्षणांवर मनाचे उपचार त्याच दिवशी सुरू करावेत, आणि नुसत्या संशयावर महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊ नये.

आता घराबद्दल, कारण पुस्तिकेचा मोठा भाग घरासाठीच आहे. लेकरू विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात असो, लातूरला असो की हैदराबादला, त्याच्यामागं एक घर विस्कटत असतं. आई दवाखान्यात, बाप पैशाच्या मागं, धाकटं भावंड शेजारी जेवतं आणि कोणी त्याला काही सांगत नाही. त्याला सांगा. दादाच्या मेंदूला सूज आहे, तुझ्यामुळं काही झालेलं नाही, तुला ते लागणार नाही, एवढ्या तीन गोष्टी सहा वर्षांच्या पोरालाही कळतात. रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या लावा. आत्या, मावशी, काका भेटायला येतात तेव्हा सफरचंदांऐवजी एक रात्र मागा. डॉक्टरांशी एकानंच बोलावं आणि त्यानं तारखेची वही ठेवावी: झोप किती, झटके किती, कोणती गोळी कधी सुरू झाली. शेतातली फवारणीची औषधं कुलपात टाका. लेकरू शंभराव्यांदा हात धुवायला निघालं तर ओरडू नका आणि साबणही पुढं करू नका; शेजारी बसा, थोडा वेळ थांबू म्हणा, आणि हे कसं करायचं ते मानसोपचाराच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तेव्हा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मराठीतही बोलतो आणि पैसे पडत नाहीत.

एकटं घर हे पेलत नाही, याचा अनुभव मराठी माणसानं याआधीही घेतलाय. कॅनडातल्या कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच पाठबळानं उभा राहिला. आजार वेगळा आणि मोठ्या माणसांचा, पण रुग्णांच्या घरच्यांनी एकत्र बसून बोलायचं ही त्यामागची कल्पना आपल्याला जशीच्या तशी घेता येते. लोह्यात त्यासाठी इमारत लागत नाही. बाजाराच्या दिवशी माणसं तशीही तालुक्याला येतात. शाळेची एखादी खोली, चहा, आणि ज्यांचं लेकरू गेल्या वर्षी यातून बाहेर पडलं अशी एक आई, एवढ्यावर सुरुवात होते. डॉक्टर तिथं नसला तरी चालेल. उलट पहिला तासभर तो नसलेलाच बरा.

शाळेसाठी वेगळं प्रकरण आहे, पण गुरुजी-बाईंनी एवढं इथंच वाचावं. हजेरीत नियमित असलेल्या लेकराचं अक्षर किंवा वागणं आठ दिवसांत बिघडलं तर छडी आणि शेरा दोन्ही बाजूला ठेवा, घरी निरोप द्या आणि वही बदलू देऊ नका. बरं होऊन परतलेल्या लेकराला पहिले काही आठवडे अर्धा दिवस बसू द्या, लिहिण्याऐवजी तोंडी विचारा, आणि वर्गातल्या मुलांना ते लेकरू कशानं आजारी होतं हे त्याच्या आईबापांना विचारून सरळ सांगा. गोळ्यांमुळं झोप येते, वजन वाढतं, चिडवणं सुरू होतं. ते पहिल्याच दिवशी थांबवायचं काम वर्गशिक्षकाचं आहे. दर एकविसाव्या दिवशी इंजेक्शनसाठी बुडणारी शाळा गैरहजेरीत धरू नये, आणि आदल्या दिवशी त्याला त्याची आठवण करून द्यावी.